आजाराची बातमी आणि जातीचे अंतर

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात औषधांच्या नोंदी सापडतात, शस्त्रक्रियांच्या सापडतात, नामवंत डॉक्टरांची चरित्रेही सापडतात. परंतु रोग्याला त्याच्या आजाराची वाईट बातमी कोणी दिली, कोणत्या भाषेत दिली, त्या वेळी डॉक्टर कोठे होता आणि रोगी कोठे उभा होता, याची नोंद क्वचितच कोणी ठेवली आहे. ज्यांना उभे राहण्याच्या जागेचा प्रश्न आयुष्यात कधी पडला नाही, त्यांनी हा इतिहास लिहिला हे त्याचे एक कारण असावे. आपल्या समाजाला हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या पडलेला आहे. म्हणून वाईट बातमीच्या इतिहासाची सुरुवात आपल्याला डॉक्टरच्या शब्दापासून करता येत नाही. ती त्याच्या अंतरापासून करावी लागते.

या अंतराचा एक लेखी पुरावा बाबासाहेबांनी जपून ठेवला आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी ते घेतले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या आठवणी पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. या शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. श्वास लागला, बरगड्यांत कळा येऊ लागल्या. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शिक्षकाने नगरशेठच्या आणि दरबाराच्या विनवण्या केल्या. नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिला, तेव्हा डॉक्टर निघाला. तोही एका अटीवर, की तपासणी वस्तीच्या बाहेर होईल. ओली बाळंतीण तान्ह्या मुलासह वस्तीबाहेर आणावी लागली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. रात्रीचे आठ वाजले होते. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनिया आहे असे सांगितले आणि तो निघून गेला. मागाहून औषध पाठवले. पुन्हा पाहायला मात्र आला नाही. ती बाई मरण पावली.

हे पत्र आपण बहुधा उपचार नाकारल्याचा पुरावा म्हणून वाचतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. उपचाराला हात आखडला, पण बातमी दिली गेली! रोगाचे नाव उच्चारायला डॉक्टरला विटाळ झाला नाही. पुढे काय करायचे, किती धोका आहे, पुन्हा कधी बोलवायचे, यांपैकी कशाचीही जबाबदारी मात्र त्याने घेतली नाही. रोगाचे नाव त्या घरात राहिले आणि डॉक्टर निघून गेला. वाईट बातमी सांगणे म्हणजे ती ऐकणाऱ्यासोबत काही काळ थांबणे असेल, तर १९२९ मधल्या त्या संध्याकाळी बातमी सांगितली गेली असे म्हणता येणार नाही. ती फेकली गेली.

आता याच काळातल्या दुसऱ्या प्रवाहाकडे पाहू. पाश्चात्त्य वैद्यकात, आणि त्यावर पोसलेल्या आपल्या शहरी वैद्यकातही, वाईट बातमी रोग्यापासून लपवावी असा संकेत दीर्घकाळ होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या आचारसंहितेत डॉक्टरने निराशाजनक भाकिते टाळावीत असा उपदेश होता. १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांना विचारले, तेव्हा सुमारे ९० टक्क्यांनी कर्करोगाच्या रोग्याला ते न सांगण्याकडे कल दाखवला. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने आले. अठरा वर्षांत चित्र उलटले. मधल्या काळात उपचार सुधारले होते हे खरे. पण रोगी आपल्या हक्कासाठी बोलू लागला होता हेही तितकेच खरे.

हा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो तेव्हा लपवण्याला 'दया' म्हणतात. मला येथे फरक करावासा वाटतो. मौन दोन प्रकारचे असते. बापाला धक्का बसेल म्हणून मुलगा आणि डॉक्टर संगनमताने गप्प बसतात, ते एक मौन. त्यात चूक असेल, पण माणूस मोजलेला असतो. 'यांना सांगून काय समजणार?' म्हणून डॉक्टर गप्प बसतो, ते दुसरे. त्यात माणूस मोजलेलाच नसतो. पहिल्या मौनाची चर्चा वैद्यकीय नीतीच्या पुस्तकांत भरपूर झाली. दुसऱ्याची चर्चा आपल्यालाच करावी लागेल.

आमच्या वर्धा जिल्ह्यापुरते बोलायचे तर वाईट बातमी म्हणजे काय, हे येथे महारोगाने शिकवले. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले, तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. 'महारोग आहे' या दोन शब्दांनी माणसाचे घर, शेत, पाणवठा, सोयरीक सगळे सुटत असे. १८९८ चा कायदा अशा माणसाला कोंडून ठेवण्याची सोय करत होता. १९८२ पासून बहुविध औषधोपचार आला आणि रोग बरा होऊ लागला. तो कायदा मात्र देशाच्या कायद्यांतून निघायला २०१६ साल उजाडावे लागले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहू नये यासाठी २०१९ साल. म्हणजे बातमीचे वाईटपण अर्धे रोगात असते आणि अर्धे समाजाच्या वागण्यात. औषध पहिला अर्धा भाग कमी करते. दुसऱ्या अर्ध्या भागावर औषध नाही.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून मी आजच्या बातमीकडे वळतो. ती आहे सिकलसेलची.

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर-हैद्राबाद रस्त्यावरचे गाव. येथून माणसे मोठ्या आजारासाठी हिंगणघाट, वर्धा, सेवाग्राम, नागपूर अशी पांगतात. शिक्षक म्हणून अशा काही फेऱ्यांत मी सोबत गेलो आहे. वर्गात एखादा मुलगा असतो. दर पावसाळ्यात आणि थंडीत त्याचे हातपाय दुखतात, डोळे पिवळे पडतात, खेळताना धाप लागते. घरचे म्हणतात वात आहे, शेजारी म्हणतात बाहेरचे आहे, मास्तर म्हणतात कामचुकार आहे. अशाच एका मुलाच्या आईबरोबर मी दवाखान्यात उभा होतो. दवाखान्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तपासणीचा कागद आला. आईने विचारले, "डॉक्टरसाहेब, पोट्ट्याले काय झालं जी?" डॉक्टरने मान वर न करता उत्तर दिले, "सिकलसेल आहे. तुमच्या समाजात असतोच." पुढचा नंबर पुकारला गेला. अकरा वर्षांचा मुलगा तेथेच उभा होता. परतीच्या एस.टी.त त्या बाईने मला विचारले, "आपल्यातच काऊन असते जी, गुरुजी?"

हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा होता. त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राजवळ आहे. फार दिवसांपासून आहे.

सिकल म्हणजे विळा. तांबड्या रक्तपेशी गोल असायच्या, त्या या रोगात विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. त्यामुळे कळा येतात, रक्त कमी होते, कावीळ दिसते. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने १९१० साली अशा पेशींचे पहिले वर्णन छापले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसनने पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून मांडले, की ज्याच्या अंगात या दोषाचा एकच वाटा असतो, त्याला घातक मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणून जेथे मलेरिया पिढ्यान् पिढ्या होता तेथे हा दोष टिकला: आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये, सिसिलीत आणि मध्य भारताच्या जंगल-पट्ट्यात. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन वाटे मिळाले तरच मूल रोगी होते. एकच वाटा असलेला माणूस वाहक. तो सहसा निरोगी आयुष्य जगतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल रोगी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के.

भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदवला गेला. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील वाहकांवरचे टिपण लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापले. त्यामागचे काम नागपूरचे होते. या तारखेपाशी मी थांबतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात आपले लाखो लोक दीक्षाभूमीवर उभे होते. त्यानंतर दोन वर्षांच्या आत याच शहरातून आपल्या रक्ताविषयीची बातमी इंग्रजी नियतकालिकात पोहोचली. परंतु आपल्या वस्तीत ती यायला पन्नास वर्षे लागली. सिकलसेलसाठी राज्य सरकारचा स्वतंत्र कार्यक्रम एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. मधल्या काळात काही डॉक्टरांनी आणि संस्थांनी मनापासून शिबिरे घेतली, संशोधन केले, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्यांचे रक्त त्यांनाच बातमी सर्वांत शेवटी, हा क्रम बदलला नाही. काठेवाडच्या डॉक्टरने दहा पावलांचे अंतर ठेवले होते. येथे अंतर पन्नास वर्षांचे होते.

समुद्रापलीकडे याच रोगाच्या बातमीचा वेगळा इतिहास घडला, आणि तो आपल्याला जवळचा असायला हवा. १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाने काळ्यांच्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली. गोऱ्यांच्या वैद्यकाने आमच्या रोगाकडे दुर्लक्ष केले, म्हणून आम्हीच आमचे रक्त तपासू, अशी ती भूमिका होती. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकन सरकारला सिकलसेलसाठी राष्ट्रीय कायदा करावा लागला. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर जन्माला आली. नाव आपण तिकडून घेतले. आपल्या चळवळीच्या स्मरणात पँथरची डरकाळी राहिली. तिच्या हातातली सुई आणि काचपट्टी फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही.

पण तिकडच्या इतिहासात इशाराही आहे. घाईघाईने झालेल्या काही राज्यांच्या कायद्यांत तपासणी सक्तीची करण्यात आली आणि वाहक व रोगी यांतला फरकच पुसला गेला. निरोगी माणसांना रोगी समजून नोकऱ्या आणि विमा नाकारला जाऊ लागला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीने वाहकांसाठी दार उघडले ते १९८१ मध्ये. ग्रीसमधील ओर्खोमेनोस या गावी १९७० च्या दशकात संशोधकांनी गावकऱ्यांचे रक्त तपासले आणि कोण वाहक आहे ते सांगितले. हेतू चांगला होता. दोन वाहकांचे लग्न टळावे. झाले असे, की वाहकांवर शिक्का बसला, काहींनी सोयरीक जुळवताना ते लपवले आणि वाहक जोडप्यांचे प्रमाण काही घटले नाही. माहिती दिली गेली होती, पण ती स्वीकारण्याइतका समाज तयार केला गेला नव्हता. आज आपल्या भागात मुलामुलींच्या हाती रंगीत कार्डे आणि कागद दिले जातात, तेव्हा ओर्खोमेनोसची आठवण ठेवली पाहिजे. मोडलेल्या सोयरिकींचे खापर मुलीच्या माथी फुटते. रोगी मूल जन्मले तर आईच्या माहेरचे रक्त काढले जाते. वास्तविक एकट्या आईच्या वाट्याने कोणतेही मूल रोगी होऊच शकत नाही. हे एक वाक्य डॉक्टरने त्या आईच्या सासरच्यांसमोर उच्चारले, तर त्याची किंमत औषधाच्या बाटलीपेक्षा कमी नाही.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो. आपल्यातच का असतो? पहिले उत्तर असे, की आपल्यातच असतो हे खोटे आहे. विदर्भात तो आदिवासींत आहे, पूर्वास्पृश्यांत आहे, तेली-कुणब्यांसारख्या समाजांतही आहे. दुसरे उत्तर असे, की काही समाजांत तो जास्त आढळतो हे खरे आहे, आणि त्याची कारणे दोन आहेत. मलेरियाने दोष टिकवला. जातीने तो कुंपणात ठेवला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात वाचलेल्या निबंधात तरुण आंबेडकरांनी जातीचे मर्म एका गोष्टीत दाखवले होते: जातीतच लग्न करण्याचे बंधन. जातीने बेटीव्यवहाराला कुंपण घातले, तेव्हा त्या कुंपणात माणसांबरोबर त्यांचे रक्तदोषही कोंडले गेले. 'तुमच्या समाजात असतोच' असे म्हणणारा डॉक्टर जातीला रोगाचे कारण समजतो. रक्तात जात नसते. जातीची लग्नपद्धती असते. आंतरजातीय विवाह हे सिकलसेलवरचे औषध आहे असा सोपा दावा मी करणार नाही, कारण वाहक सर्वत्र आहेत आणि तपासणीला पर्याय नाही. परंतु जे कुंपण बाबासाहेबांना समाजासाठी घातक वाटले, ते शरीरासाठीही हिताचे नव्हते, एवढे म्हणता येते.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे, कारण ते दिले नाही तर त्याची जागा प्राक्तन घेते. शास्त्राने मोकळी ठेवलेली जागा पूर्वजन्म भरून काढतो. मागच्या जन्मीचे पाप या जन्मी लेकराच्या हाडात उतरले, हे सांगायला गावात माणसे नेहमीच तयार असतात, आणि धर्मांतराला इतकी वर्षे होऊनही आपल्या घरांत ते ऐकले जाते हे कबूल केले पाहिजे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गतकर्माच्या सिद्धान्ताची तपासणी करताना नेमका आनुवंशिकतेचा आधार घेतला आहे. मूल आपले गुणधर्म आईबापाकडून घेते असे विज्ञान सांगते. गतकर्माचा सिद्धान्त मात्र ते आत्म्याबरोबर मागच्या जन्मातून आले असे मानतो. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद आहे. सिकलसेलची बातमी नीट सांगितली, तर ती या युक्तिवादाचा रक्तातला दाखला ठरते. आई निरपराध, बाप निरपराध, लेकरू निरपराध. वाईट बातमीतही मुक्त करणारा अंश असू शकतो तो असा.

याच ग्रंथात दुःखितांचे सांत्वन करणारा बुद्ध भेटतो आणि तेथे किसा गोतमी येते. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आण, असे तिला सांगितले गेले, आणि दारोदार फिरता फिरता सत्य तिला स्वतःच उमगले. या कथेचे निरूपण आपण मृत्यू अटळ आहे एवढ्यावर संपवतो. मला तिच्यातली रीत महत्त्वाची वाटते. तथागताने तिला वेडी म्हटले नाही, पापी म्हटले नाही, हाकलले नाही. सत्य लपवलेही नाही. तिला वेळ दिला आणि इतर घरांच्या दुःखात नेऊन तिचे एकटेपण काढले. शिक्का बसणे आणि एकटे न राहणे, यांतला हा फरक आहे.

आज कायद्याची भाषा बदलली आहे. परंतु ती पुरेशी नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत म्हटले होते, की आजाराचे गांभीर्य वाढवू नये, कमीही करू नये, आणि रोग्याला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना आवश्यक तेवढे ज्ञान असल्याची खात्री डॉक्टरने करावी. त्यातल्या 'किंवा' या शब्दात आपल्या बायका आणि आपली लेकरे हरवतात. नवऱ्याला सांगितले की बायकोला सांगितल्यासारखे धरले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल रोगाचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. मुख्यतः आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन हे तिचे उद्दिष्ट आहे. सात कोटी तपासण्या म्हणजे लाखो वाईट बातम्या. त्या कोण सांगणार? बहुतेक ठिकाणी तुटपुंज्या मोबदल्यावर राबणारी आशाताई. तिला बातमी सांगण्याचे शिक्षण आणि पुरेसा वेळ देणार आहोत का, हा प्रश्न यंत्रांच्या संख्येइतकाच मोठा आहे.

२०१९ पासून वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. वाईट बातमी कशी द्यावी याच्या सहा पायऱ्या अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांनी २००० साली मांडल्या, त्याही आता शिकवल्या जातात. त्यांतली पहिली पायरी आहे: एकांत पाहा आणि बसा. वाचताना ती साधी वाटते. ज्यांच्या आजोबांना पाटलाच्या ओसरीवर चढता येत नव्हते, त्यांच्यासाठी खुर्ची पुढे करणे हा उपचाराचा भाग आहे, हे त्या धड्यात लिहिले पाहिजे.

म्हणून शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी काही गोष्टी मागितल्या पाहिजेत. बातमी रोग्याला स्वतःला आणि त्याच्या बोलीत सांगावी. ती बसवून आणि आडोशाला सांगावी. मूल असेल तर त्याच्या वयाला पेलेल अशी सांगावी. वाहक आणि रोगी यांतला फरक मराठीत लिहून द्यावा. एकदा सांगून न थांबता दुसऱ्यांदा बोलवावे आणि कोणाकडे यायचे ते नावासह सांगावे. जात हे निदान म्हणून कधीही उच्चारू नये. आपल्या बाजूनेही एक काम आहे. विहारात, वसतिगृहात, जयंतीच्या मंडपात रक्ताविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. वाहक असणे लपवावे लागते तोवर तपासणी निष्फळ आहे, आणि सोयरिकीच्या वेळी वाहकाचा अपमान करणारा समाज विटाळाचीच भाषा नव्या शब्दांत बोलत असतो.

चवदार तळ्याचा लढा पाण्यासाठी होता आणि त्याहून अधिक माणूस म्हणून मोजले जाण्यासाठी होता. आजाराचे सत्य ऐकण्याचा हक्क त्याच जातीचा आहे. आपल्याला गोड खोटे नको, आणि दहा पावलांवरून फेकलेले खरेही नको. जवळ बसून सांगितलेले सत्य हवे, मग ते कितीही कडू असो.